आधी धूर ओळखा, मग खिडकी लावा : सांगली परिसरातल्या घरासाठी हवेची तपासणी

दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि ऊसतोड सुरू झाली की माझ्याकडे हटकून एक प्रश्न येतो, "मास्क कोणता घेऊ?" मास्क ही शेवटची पायरी आहे आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवून खिडकीत मनी प्लँट लावतात. डिसेंबरात पहाटे सहाला 'ताजी हवा' म्हणून खिडक्या सताड उघडतात. मोबाइलवरचा आकडा बघून घाबरतात, पण तो आकडा कशाचा हे बघत नाहीत.

हवेत एकच एक 'प्रदूषण' नसतं. कण वेगळे, वायू वेगळे. प्रत्येकाचा उगम वेगळा, वेळ वेगळी आणि म्हणून उपायही वेगळा. क्रम असा ठेवा : ओळख, उगम बंद करणं, खिडकीची वेळ, गाळणी आणि सर्वांत शेवटी मास्क. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि खोकला राहतो.

## तयारी : दहा दिवस आणि घरातल्याच वस्तू

- एक वही. मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या तर त्या पाच दिवसांनी बंद पडतात, हा अनुभव आहे.
- तीन पांढऱ्या ताटल्या आणि व्हॅसलीनची डबी. खोबरेल नको, थंडीत ते गोठतं.
- एक भिंग.
- उदबत्ती, फक्त वारा कुठून कुठे वाहतो ते बघण्यासाठी.
- मोबाइलवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप.

पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) मोजणारं छोटं यंत्र कुणाकडे असेल तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसू नका.

## टप्पा १ : कोण कोण आहे ते ओळखा

धूलिकण. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. यात रस्त्याची धूळ, खडी क्रशर, बांधकाम, हळद पॉलिश करताना उडणारी भुकटी. हे कण बरेचसे नाकात-घशात अडकतात. शिंका, खोकला, डोळे चुरचुरणं हा त्यांचा त्रास. पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण, ही वेगळी जात आहे. हे कण प्रामुख्याने जळण्यातून येतात : पाचट (उसाची वाळकी पानं), बंब, चूल, डिझेल, कचऱ्याची शेकोटी, मच्छर कॉइल. ते थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत उतरतात आणि त्यातले अगदी बारीक रक्तातही जातात. म्हणून त्यांचा संबंध फक्त दम्याशी नाही, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्याशीही आहे. जळल्याचा धूर दिसला की पीएम २.५ आहेच असं समजा.

कार्बन मोनॉक्साइड. अर्धवट जळण्यातून येतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बंद खोलीतली कोळशाची शेगडी, हवा न खेळणाऱ्या बाथरूममधला गॅस गिझर, आत ठेवलेला जनरेटर ही त्याची ठिकाणं. डोकं जड होतं, मळमळतं आणि लोक 'पित्त झालं' म्हणून झोपून टाकतात. तेच जिवावर बेततं.

सल्फर डायऑक्साइड. कोळसा किंवा गंधक जळलं की हा वायू सुटतो. आपल्याकडे त्याचा एक खास उगम आहे : तासगाव पट्ट्यात बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून दिली जाणारी गंधकाची धुरी. दम्याच्या माणसाची छाती या वायूने काही मिनिटांत आवळते. द्राक्षाच्या भुरी रोगासाठी बागेत धुरळतात ती गंधकाची भुकटी मात्र कण आहे, वायू नाही. दोन्हींना 'गंधकाचा त्रास' म्हटलं की उपाय चुकतो.

नायट्रोजन डायऑक्साइड. डिझेल गाड्या आणि आपली गॅसची शेगडी. बंद स्वयंपाकघरात जास्त साठतो. लहान मुलांना वारंवार छातीचा त्रास होत असेल तर इकडे बघा.

जमिनीलगतचा ओझोन. हा कुठल्याच धुराड्यातून बाहेर पडत नाही. गाड्यांचे वायू आणि रंग, पेट्रोल यांच्या वाफा कडक उन्हात एकत्र आल्या की हवेतच तयार होतो. म्हणून तो उन्हाळ्यात दुपारी चढतो. खोल श्वास घेतला की छातीत चुरचुरतं. द्राक्षाच्या पानांवरही त्याने बारीक तपकिरी ठिपके पडतात.

अमोनिया गोठा, पोल्ट्री आणि युरियातून येतो आणि वासानेच कळतो. बेंझिन पेट्रोलच्या वाफांत आणि सिगारेटच्या धुरात असतं. त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे. शिसं देशात २००० साली पेट्रोलमधून गेलं, पण जुन्या रंगात आणि बॅटऱ्या फोडण्याच्या कामात ते अजून आहे. जुनी रंगवलेली चौकट बंबात घालणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

> तपासा : तुमचा त्रास धुराचा, धुळीचा की वायूचा? एका शब्दात सांगता येत नसेल तर टप्पा ३ होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

## टप्पा २ : मोबाइलवरचा आकडा नीट वाचा

हवा गुणवत्ता निर्देशांक ० ते ५०० असतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर. इथे तीन चुका सर्रास होतात.

पहिली, निर्देशांकालाच 'पीएम २.५' समजणं. निर्देशांक म्हणजे सरासरी नव्हे. मोजलेल्या प्रदूषकांपैकी ज्याचा उपनिर्देशांक (त्या एकट्याचा आकडा) सर्वांत जास्त, तोच आकडा दाखवला जातो. म्हणून त्याच्या शेजारी लिहिलेलं प्रमुख प्रदूषकाचं नाव आधी वाचा. पीएम १० असेल तर धूळ, पीएम २.५ असेल तर धूर. उपायाची दिशा तिथेच ठरते.

दुसरी, ॲप बदलून आकडे ताडणं. काही परदेशी ॲप अमेरिकी पट्टी वापरतात. पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय पट्टीवर आकडा १०० येतो, अमेरिकी पट्टीवर दीडशेच्या पुढे. हवा तीच, पट्टी वेगळी. एकच ॲप धरा. ६० ही भारतातली पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा आहे, पीएम १० साठी ती १०० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी २४ तासांचं मार्गदर्शक प्रमाण १५ ठेवलं. म्हणजे 'समाधानकारक' लिहिलेल्या दिवशीही दमेकऱ्याला त्रास होऊ शकतो आणि त्याने 'माझंच काहीतरी बिघडलंय' असं वाटून घ्यायचं कारण नाही.

तिसरी, शहरातल्या केंद्राचा आकडा आपल्या घराला लावणं. धूलिकणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. तुमच्या मागच्या उसाच्या फडात संध्याकाळी सातला पाचट पेटलं तर तो तासाभराचा धूर शहरातल्या केंद्राच्या सरासरीत बहुधा दिसणारही नाही. तुमच्या खोलीत मात्र तो रात्रभर राहील.

## टप्पा ३ : दहा दिवसांची वही आणि तीन ताटल्या

तिन्ही ताटल्यांना व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. एक रस्त्याकडच्या खिडकीत, दुसरी मागच्या खिडकीत आणि तिसरी स्वयंपाकघरात, ओट्यापासून लांब ठेवा. चोवीस तासांनी उचला, उजेडात धरून भिंगाने बघा, मग बोटाने पुसा.

बोटाला खरखर लागली आणि रंग मातकट असेल तर रस्त्याची किंवा बांधकामाची धूळ. काळे, वजनाला हलके, लांबट तुकडे असतील आणि बोट फिरवताच त्यांची रेघ उमटत असेल तर ती जळलेल्या पाचटाची किंवा बगॅसची (रस काढल्यावर उरलेल्या उसाच्या चोयट्याची) राख. वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर जानेवारीत बसते तीच. तपकिरी, तेलकट, न पुसला जाणारा थर स्वयंपाकघरातल्या ताटलीवर असेल तर तो फोडणीचा आणि तळणाचा.

> सावधान : ताटली फक्त मोठे कण दाखवते. ताटली स्वच्छ आहे म्हणजे हवा स्वच्छ, असा अर्थ काढू नका. पीएम २.५ आणि वायू तिच्यावर दिसत नाहीत, त्यासाठी वही आहे.

वहीत रोज चार वेळा, सकाळी सहा, अकरा, दुपारी चार आणि रात्री आठला, चारच गोष्टी लिहा : वास काय आला, वारा कुठून होता, घरात त्या वेळी काय पेटलं होतं, आणि कुणाला काय त्रास झाला. वाऱ्यासाठी उदबत्ती खिडकीच्या फटीपाशी धरा. धूर आत ओढला जातो की बाहेर, एवढं पाहा आणि लगेच विझवा.

या वहीवर माझा फार विश्वास आहे, कारण तिनेच आमच्या घरी खरं काय ते दाखवलं. आईचा दमा पहाटे वाढायचा. दोन हिवाळे आम्ही थंडीला दोष दिला आणि कोंडल्यासारखं होऊ नये म्हणून तिची खिडकी साडेपाचला उघडत राहिलो. वहीत सलग सहा दिवस एकच ओळ आली : 'पाच चाळीस, चिपाडाचा धूर, वारा आत'. तिच्या खिडकीखाली शेजारच्या वाड्यातला बंब होता. धूर आम्हीच आत घेत होतो. खिडकीची वेळ बदलली, शेजारच्या काकूंशी बोलणं झालं, त्यांनी बंबाची जागा हलवली. आईची औषधं तीच राहिली, पहाटेचं उठून बसणं मात्र कमी झालं.

## टप्पा ४ : आधी घरातलं जळणं थांबवा

बाहेरच्या कारखान्याकडे बोट दाखवण्याआधी हा टप्पा पूर्ण करा. घरातला धूर नाकापासून दोन हातांवर असतो.

बंब आणि चूल. जळण कोरडं हवं. ओल्या लाकडाचा धूर कितीतरी जास्त. बंब भिंतीलगत, खिडकीखाली किंवा जिन्याखाली ठेवू नका. प्लास्टिक पिशव्या, जुन्या चपला, वायरी, रंगवलेलं लाकूड त्यात घालू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं तयार होतात. 'थोडंसंच घातलं पेटवायला' हे रोजचं थोडंसं असतं.

गॅस गिझर. तो बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवा आणि पाणी नळीने आत आणा. आधीच आत असेल तर बसवणाऱ्याला बोलावून जागा बदलून घ्या. तोपर्यंत दार उघडं ठेवून, बाहेर थांबून बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आत जाऊन दार लावा.

> सावधान : घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर अंगणात गेल्यावर बरं वाटतंय, तर ते पित्त नाही. सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडी टाका, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाला बाहेर काढताना स्वतः आत रेंगाळू नका.

स्वयंपाकघर. एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या आधी लावा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. धूर झाल्यावर लावलेला पंखा निम्मंच काम करतो. आत हवा यायला समोरची खिडकी बोटभर उघडी हवी, नाहीतर पंखा नुसता घुमतो.

कॉइल, धूप, कापूर. बंद खोलीत जळणाऱ्या एका मच्छर कॉइलमधून सुटणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचं मोजमाप झालेलं आहे. लहान मूल असलेल्या खोलीत ती रात्रभर जळत असते. मच्छरदाणी लावा. देवापुढची उदबत्ती कुणी बंद करा म्हणणार नाही, पण ती पेटली की खिडकी उघडी असू द्या.

झाडणं. कोरडा केरसुणीचा झाडू पीएम १० पुन्हा हवेत उडवतो. आधी ओलं फडकं फिरवा.

> तपासा : तीन दिवस घरात काहीही अनावश्यक न पेटवता वही चालू ठेवा. त्रास निम्म्यावर आला तर पुढचे टप्पे सोपे आहेत.

## टप्पा ५ : खिडकीची वेळ ठरवा

थंडीत रात्री जमीन लवकर गार होते. तिच्यालगतची हवा गार आणि जड राहते, वरची तुलनेने उबदार. झाकण ठेवल्यासारखं होतं आणि धूर खालीच अडकतो. कृष्णाकाठी पहाटे धुक्याबरोबर पसरलेला निळसर थर दिसतो, तो हाच. अजिंक्यताऱ्यावरून हिवाळ्यात सातला साताऱ्याकडे पाहिलं तरी तो दिसेल. ऊन चढल्यावर, साधारण नऊ-दहानंतर, हे झाकण उठतं.

म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी खिडक्या सकाळी दहा ते दुपारी चार उघड्या ठेवा. दिवेलागणीपासून सकाळी नऊपर्यंत धुराकडची बाजू बंद ठेवा. फिरायला जायचं तर उजाडल्यावर, रहदारीचा रस्ता सोडून.

मार्च ते मेमध्ये हे उलटं करा. त्या दिवसांत पहाट चांगली आणि दुपार ओझोनची. धावणं, सायकल, मुलांचा सराव दुपारी बारा ते चार टाळा. वर्षभर एकच वेळापत्रक पाळणं ही इथली सर्वांत मोठी चूक.

आणि खिडकी कायमची बंद ठेवू नका. बंद घरात स्वयंपाकाचे वायू आणि ओल साठते. ज्या बाजूने वारा धूर आणत नाही ती बाजू उघडा. वहीतली वाऱ्याची नोंद इथे कामी येते.

## टप्पा ६ : बाहेरचा उगम

शेत तुमचंच असेल तर पाचट पेटवू नका, कुजवा. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. तोडणीनंतर ते एकाआड एक सरीत किंवा सगळ्या सऱ्यांत दाबून बसवा आणि बुडखे मोकळे करा. मग एका टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत या प्रमाणात टाका, आणि त्यानंतर पाणी द्या. लोक चुकतात ते क्रमात : युरिया आणि जिवाणू खत एकत्र कालवून टाकतात, किंवा कोरड्या पाचटावर टाकून आठवडाभर पाणीच देत नाहीत. मग 'कुजत नाही' म्हणून काडी लावतात. रासायनिक खत आधी, जिवाणू खत शेणखतात मिसळून नंतर, आणि लगेच ओल. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात याची माहिती मिळते, एकदा जाऊन विचारा.

शेत दुसऱ्याचं असेल तर पेटवल्यावर भांडायला जाऊ नका, तोडीच्या आधी बोला. मजूर आणि यंत्र मिळत नाही ही त्याची अडचण खरी असते. दोघा-तिघांनी मिळून पाचट कुट्टीचं यंत्र भाड्याने आणलं की काम होतं.

कचऱ्याची शेकोटी किंवा कारखाना असेल तर लेखी अर्ज करा. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली असून साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. सांगली, मिरज, कुपवाडमध्ये कचऱ्यासाठी महापालिकेकडे जा, गावात ग्रामपंचायतीकडे. कारखाना किंवा भट्टी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात.

अर्जात 'फार त्रास होतो' लिहू नका, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. वहीतून उचला : तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, किती वेळ धूर होता, जागेची खूण, फोटो. अशा किमान पाच नोंदी असाव्यात. एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांकाची पोच घ्या. पोच न घेता परत येणं म्हणजे अर्ज न दिल्यासारखंच. सांगली शहर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्याचाही उल्लेख करा.

## टप्पा ७ : गाळणी आणि मास्क

इथपर्यंत आल्यावरही खोलीत धूर राहत असेल तरच एअर प्युरिफायर बघा. हेपा (अतिबारीक कण अडवणारी) गाळणी असलेलाच घ्या. खोलीतली सगळी हवा तासाला पाच वेळा गाळली जाईल एवढी क्षमता हवी. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली असेल तर तासाला साधारण १७० घनमीटर. तो कण काढतो. कार्बन मोनॉक्साइड काढत नाही, त्यामुळे शेगडीच्या खोलीत त्याच्या भरवशावर झोपू नका. कुंडीतल्या स्नेक प्लांटने खोलीतल्या हवेत मोजता येईल असा फरक पडत नाही. झाड आवडतं म्हणून ठेवा.

मास्क एन-९५ हवा. रुमाल, ओढणी, साधा सर्जिकल मास्क बारीक कण नीट थांबवत नाहीत, कारण हवा कडेने आत येते. नाकावरची पट्टी दाबा, दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. गालाजवळ किंवा डोळ्यांकडे वारा लागला तर तो बसलेला नाही. दाढीवर तो बसतच नाही. मळला, ओला झाला किंवा श्वास घ्यायला जड वाटू लागला की बदला.

> सावधान : एन-९५ वायूंना अडवत नाही. बेदाण्याच्या धुरीच्या खोलीत तो घालून शिरू नका. धुरी संपल्यावर दारं उघडून खोली पूर्ण मोकळी होऊ द्या, झोंबणारा वास गेल्यावरच आत जा. तिथे रोजचं काम असेल तर मालकाकडून आम्लवायूंसाठीचा (सल्फर डायऑक्साइडसारख्या) कार्ट्रिज लावलेला मास्क मागून घ्या.

दमा, हृदयरोग, गरोदरपण किंवा लहान बाळ घरात असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना वही दाखवा. बरं वाटतंय म्हणून रोजचा इनहेलर मनाने बंद करू नका. बोलताना धाप लागणं, ओठ निळसर होणं, छातीत दाब येणं यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

सगळं करून झाल्यावर ताटल्या धुऊन, पुन्हा व्हॅसलीन लावून त्याच तीन जागी ठेवा आणि वही आणखी दहा दिवस चालवा. आधीच्या आणि आताच्या ताटल्यांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघा. मागच्या खिडकीतल्या ताटलीवर काळी राख तेवढीच असेल तर टप्पा ६ कडे परत जा. स्वयंपाकघरातली ताटली तेलकटच असेल तर एक्झॉस्ट पंख्याची जाळी उघडून गरम पाणी आणि सोड्याने धुवा. बहुतेक घरांत ती बसवल्यापासून कुणी उघडलेली नसते.